तळघरातला शाळू

ओलीचा वास पहिल्यांदा मला आला, आणि घरात तो कुणालाच पटला नाही. आमच्याकडे माझं नाक हा चेष्टेचा विषय आहे. दूध नासायच्या आदल्या दिवशीच हिला कळतं, असं आमचे हे आल्यागेल्या पाहुण्याला सांगत असतात. त्यामुळे श्रावणातल्या एका सकाळी तळघराच्या जिन्यावर उभी राहून मी म्हणाले, "खाली कायतरी ओलं हाय," तेव्हा यांनी हातातला कप खाली न ठेवताच विचारलं, "जालन्यात ओल? नळाला आठ-आठ दिस पाणी न्हाई, अन् तुला ओल दिसून राह्यली?"

बोलणं काही चुकीचं नव्हतं. मी मंठ्याची. लग्न होऊन जालन्यात, मस्तगडला आले तेव्हापासून पाणी म्हटलं की टँकर, ड्रम आणि गल्लीतली भांडणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. पाणी जास्त झालं म्हणून कुणी रडलेलं मी या गावात ऐकलं नव्हतं.

आमची घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून उभी आहेत. कुण्या कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या मुनीमांसाठी ती बांधली असं म्हणतात. खाली दगडी जोतं, वर विटा, आणि दोन घरांमध्ये एकच भिंत. शेजारच्या काकू लसूण ठेचायला बसल्या की आमच्या मांडणीवरचे पेले वाजतात. प्रत्येक घराला तळघर आहे आणि तळघराला रस्त्याच्या बाजूने एक झरोका. म्हणजे होता. रस्ता दरवेळी जुन्यावर नवा थर टाकून केला गेला, तो वर वर येत राहिला आणि घरं खाली खाली जात राहिली. शेवटी रस्त्यावरचं पाणी आत येईल या भीतीने सगळ्यांनीच आपापले झरोके विटा लावून बुजवले.

तळघरात आमचा निम्मा संसार असे. ट्रंका, जादाच्या गाद्या, पापड-कुरडयांचे डबे, आणि कोपऱ्यात आत्याबाईंची कणगी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं शेत केदारखेड्याच्या शिवारात आहे, ते माझे दीर कसतात. कणगी बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली, कमरेइतकी उंच. तिच्यात शाळूचं बियाणं असे. रब्बीच्या ज्वारीचं हे घरचं वाण आत्याबाईंच्या सासूबाईंनी त्यांच्या हातात दिलं होतं. दरवर्षी खळ्यावरची टपोरी कणसं त्या स्वतः निवडत, वाळवत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरत आणि तोंड मातीने बंद करत. गावच्या घराला पत्रे, शिवाय उंदीर फार. आमचं तळघर थंड आणि कोरडं, म्हणून बियाणं शहरात राहायला आलं आणि शेत गावात राहिलं.

या शहरात बियाण्याच्या पिशव्या ट्रकांनी भरून देशभर जातात. आत्याबाईंना त्याचं काही नाही. "त्यांचं त्यांला, आपलं आपल्याला," असं म्हणून त्या विषय संपवायच्या. आदल्या वर्षी मात्र ऐन कापणीत पाऊस झाला आणि शेतातली कणसं काळी पडली. त्यातून बी काही निघालं नाही. त्या वर्षी पेरून उरलेलं जे कणगीत होतं, तेवढंच आता त्या वाणाचं जगात राहिलं होतं. निदान आमच्या जगात.

आता ओल आली कुठून ते सांगते. घरांच्या मागे सगळ्या ओळीचा मिळून एक आड आहे. काही वर्षांपूर्वीच्या दुष्काळात तो ठणठणीत कोरडा पडला होता, लोक त्यात निर्माल्य टाकत. तेव्हा सगळ्या घरांनी मिळून तो उपसला आणि गच्चीवरच्या पावसाचे पाइप त्यात सोडले. ओळीतली माणसं एरवी पार्किंगवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण त्या कामाला सगळी आली. मग लागोपाठ चांगले पावसाळे झाले. यंदा तर इतका पाऊस लागला, की एका दुपारी काकूंनी मला हाक मारून आडाशी नेलं. मी वाकून बघितलं. पाणी हाताला लागेल इतकं वर आलं होतं, काळंभोर आणि एकदम शांत, आणि त्यात आमची दोघींची डोकी दिसत होती. काकूंनी काठावर हळदकुंकू वाहिलं. मी देवधर्मातली फारशी नाही, पण माझेही हात आपोआप जोडले गेले. आमच्याच गच्च्यांवरचं पाणी होतं ते. इतकी वर्षं गटारीने वाहून जात होतं.

तेच पाणी जमिनीखालून आमच्या भिंतींना भेटायला आलं होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मोबाइलचा टॉर्च घेऊन तळघरात उतरले तेव्हा आधी संताप आला. ट्रंकेला गंज, गाद्यांना काळे ठिपके, यांच्या लग्नातल्या बुटांवर हिरवी लव. मी ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन दोन रविवार भिंत घासली. तिसऱ्या रविवारी बुरशी परत हजर. मग मी ब्रश खाली ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. पांढऱ्या कापसासारखे गोळे, त्यांच्या कडेला पोपटी, मध्ये राखाडी, आणि खाली विटेतून फुटलेला पांढरा खार, पहाटेच्या दवासारखा बारीक. कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, अंधारात, बंद दाराआड हे सगळं आपलं आपण वाढत होतं. मला ते किळसवाणं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी तिथे थक्क होऊन उभी राहिले. वर येऊन मी यांना म्हणाले, "या बघाय एकदा." हे आले, बघितलं, आणि कपाळाला हात लावून खाली बसले.

मग मिस्त्री आला. त्याने वॉटरप्रूफची पावडर घालून सिमेंटचा गिलावा केला. आठवडाभर भिंत कशी गुळगुळीत, राखाडी, आज्ञाधारक दिसत होती. नंतर ओल त्या गिलाव्याच्या वर चढून स्वयंपाकघराच्या भिंतीत निघाली. कोंडलेलं पाणी वाट शोधतंच.

मी काकूंना सहज विचारलं, "तुमच्याकडं हाय का हो असलं काही?"

"छे! आमचं तळघर बिलकुल कोरडं," काकू म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसलं.

पुढच्या घरी विचारलं, तिथेही तेच. सगळी घरं बिलकुल कोरडी. एका घरात मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, एकांना घर विकायचं होतं, आणि बाकीच्यांना नुसतीच लाज वाटत होती. घराला ओल लागली म्हणजे घरधनिणीचं चुकलं, असं आमच्याकडे बायकांच्या मनात बसलेलं आहे. मी मात्र हट्टाला पेटले. आणि आमच्या ओळीत हट्टाला पेटलेल्या बाईला चहाला बोलवावंच लागतं. एकेका घरी चहा पीत पीत मी एकेका तळघरात उतरले.

तिथे जे दिसलं ते मी विसरणार नाही. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, प्रत्येक भिंतीवर ओलीची रेघ एकाच उंचीवर होती. एका घरात ट्रंकांच्या मागे, एका घरात कॅलेंडर लावून झाकलेली, एका घरात तर तिच्यापुढे कपाट सरकवलेलं. पण रेघ तीच. आम्ही मधे भिंती घालून, दारं लावून, कड्या घालून राहत होतो, आणि खाली पाण्याने आमची सगळी घरं एकच धरली होती. शेवटच्या तळघरात माझ्या अंगावर काटा आला. तिथल्या आजोबांना वाटलं मला थंडी वाजली. त्यांनी पंखा बंद केला.

मग आडाजवळ सगळे जमले. झाकलेलं सगळं बाहेर आलं. शेजारचे काका म्हणाले, "पाइप काढून टाकू. पाणी जाऊ द्या गटारीला." त्या पाण्याकडे बघून तसं म्हणण्याची हिंमत इतर कुणाची होत नव्हती.

आत्याबाई काठावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी आलंय घरी. त्याला न्हाई म्हनायचं व्हय? आपलं सामान वर घ्या की."

तसंच ठरलं. तळघरं रिकामी करायची, सिमेंटचा गिलावा खरवडून काढायचा, भिंतींना श्वास घेऊ द्यायचा आणि बुजवलेले झरोके उघडायचे. रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून प्रत्येक झरोक्याभोवती विटांचा ओटा करायचा. पुढच्या आठवड्यात ओळीतल्या घराघरातून ठोकाठोकी ऐकू येऊ लागली आणि आमच्या तळघरात कित्येक वर्षांनी उन्हाची एक तिरीप उतरली.

सामान वर घेताना कणगीची पाळी आली. आत्याबाईंनी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडालाच त्यांनी तिला वरून खालून ताडपत्री गुंडाळून दोरीने आवळून टाकलं होतं. कंपन्यांचं बी प्लास्टिकच्या पिशवीत टिकतं, तर आपलंही टिकेल, असा त्यांचा हिशोब. पण कंपनीचं बी पार वाळवून भरलेलं असतं. आमची कणगी बाहेरची ओल पिऊन बसली होती, आणि वरून तिचं तोंड बांधलं होतं.

ताडपत्री सोडली तशी आतून घामाचं पाणी ओघळलं. आत्याबाईंनी कणगीच्या तोंडाची माती फोडली. आलेला वास मला ओळखीचा होता. वरचा थर ढेकूळ होऊन बसला होता, राखाडी-हिरवा. त्यांनी हात आत घातला आणि तो तसाच आत ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, खालचं चांगलं असंल." कणगी वाकवून दाणे पोत्यांत भरताना मूठ-दोन मुठी भिंतीच्या कडेला सांडले, तेही त्यांनी वेचले नाहीत. एरवी एक दाणा पायाखाली येऊ द्यायच्या नाहीत. मी ते गिलाव्याच्या पोपड्यांबरोबर आणि जुन्या भिंतीच्या मातीबरोबर कोपऱ्यात लोटून दिले.

शाळू गच्चीवर वाळत पडला. वरचा बिघडलेला थर त्यांनी वेगळ्या फडक्यावर पसरला, खालचा वेगळ्या. दिसायला दाणे बरे होते. पण बी जिवंत आहे की मेलेलं, हे वरून दिसत नाही. दिवसभर त्या दोन फडक्यांच्या मधे बसून राहायच्या. रात्री जेवत नव्हत्या. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या हातानं बांधलं गं मी. माझ्या हातानं त्याचा जीव घेतला." मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो, म्हणून मी उगाच यांच्यावर ओरडले.

दिरांचा फोन आला. ते वाईट बोलणारे नाहीत, पण शेतकऱ्याला वेळ नसतो. "आई, घट उठले की मी पेरून टाकनार. त्या बियाची खात्री न्हाई तर समद्या रानात हरभरा टाकतो. बॅगा आनून ठेवल्यात. घरचं पेरलं अन् उगवलंच न्हाई, तर सालभर पडीक ठेवू का?" त्यांचं बरोबर होतं. आत्याबाईंनी फक्त एवढं विचारलं, "घट कवा उठतेत?" त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी त्यांनी घटाला शेतातली काळी माती मागवली. आमच्याकडे घटाभोवतीच्या मातीत सगळी धान्यं मिसळून पेरतात. गहू असतोच, कारण गहू हमखास उगवतो आणि घट भरून दिसतो. त्यांनी गव्हाचा डबा बाजूला सारला. शाळू घेतला, तोही बिघडलेल्या थरातला.

मी घाबरले. "आत्याबाई, त्यातला नका घेऊ. न्हाई उगवला तर? घरात नवरात्र हाय, चार बायका कुंकवाला येतेत."

"येऊ दे. ह्यातला उगवला तर समदाच उगवंल. देवीपुढं खोटं कशाला मांडायचं?"

घट उगवला नाही की घराचं काही खरं नाही, हे मी मंठ्यालाही ऐकलं होतं आणि इथेही. मी मानत नाही असं म्हणते. पण दुसऱ्या माळेपासून ऑफिसला जायच्या आधी मी देवघरात डोकावू लागले, आणि परत आले की चप्पल काढायच्या आधी पुन्हा. काळी माती. तिसऱ्या माळेला काकूंकडे गव्हाची पांढरी टोकं वर आली होती. चौथ्या माळेला आमच्याकडे काळी माती. काकू कुंकवाला आल्या, म्हणाल्या, "उगवंल, उगवंल," आणि जाताना पुन्हा एकदा मान वळवून बघून गेल्या. आत्याबाई घटाला आडाचं पाणी घालत होत्या, अगदी थोडं, बोटांनी.

पाचव्या माळेला रविवार होता. दुपारी फराळाला म्हणून मी तळघरात राजगिऱ्याचा डबा शोधायला उतरले. रिकाम्या तळघराची सवय अजून झाली नव्हती, डबा वर गेल्याचं मी विसरले होते. झरोक्यातून ऊन आलं होतं. त्या उजेडात भिंतीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं असं वाटलं. मला पाल वाटली. जवळ गेले.

पोपड्यांच्या ढिगातून कोंब आले होते. एक-दोन नव्हेत, झुबकेच्या झुबके. पांढरे, बारीक, बोटाएवढे लांब, बुडाशी किंचित जांभळे, आणि सगळेच्या सगळे झरोक्याकडे झुकलेले. ज्या भिंतीला मी दोन रविवार शिव्या घालत घासत होते, तिच्या पायथ्याशी, खार फुटलेल्या मातीत, बुरशीच्या शेजारी. ज्या ओलीने त्यांना नासवायला घेतलं होतं, तिनेच त्यांना प्यायला दिलं होतं. मी गुडघ्यावर बसले. हात लावायची छाती होईना. आयुष्यात मी देवळं बघितली, लेणी बघितली, पण इतकी गप्प मी कुठेच झाले नव्हते.

मग भान आलं आणि मी खालूनच ओरडले, "आत्याबाई! जल्दी या! खाली या!"

त्यांचे गुडघे दुखतात. तळघरात त्या कणगी उघडल्या दिवसापासून उतरल्या नव्हत्या. भिंतीला धरून एकेक पायरी बसत बसत आल्या. यांनी वरून विचारलं, काय झालं, साप निघाला का? आत्याबाई त्या कोपऱ्याशी आल्या, खाली बसल्या आणि एका कोंबाखाली बोट घालून त्याचं बूड बघितलं. फुटलेला दाणा अजून चिकटलेला होता.

"जित्तं हाय गं," त्या म्हणाल्या. "पोरी, जित्तं हाय." आणि पदर तोंडाला लावून, आवाज न करता, रडल्या. मी त्यांना धरून बसले. वर दुपारचा रस्ता वाहत होता, झरोक्यासमोरून चपला जात होत्या.

सहाव्या माळेला घटालाही टोकं आली. विरळ, इथे एक, तिथे एक. वाईटात वाईट दाण्यांतून तेवढी आली होती. दसऱ्याला घट उठला, दीर आले. ते कोंब टोपीत खोवायचे असतात, म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे डोकं पुढे केलं. आत्याबाईंनी एक कोंब खोवला आणि म्हणाल्या, "चल खाली." तळघरात त्यांनी कोपऱ्यातल्या कोंबांकडे बोट केलं. दीर उकिडवे बसून बघत राहिले. वर आल्यावर त्यांनी मोटारसायकलला शाळूचं पोतं बांधलं आणि विचारलं, "वरचा पट्टा समदा शाळूचाच घेतो. किती दाट पेरू?"

"तिप्पट," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, तिप्पट म्हंजी लई व्हतंय."

"व्हऊ दे. माझा भरवसा न्हाई माझ्यावर."

पेरणी झाली. त्यानंतरचे दिवस त्यांनी फोनच्या शेजारी काढले. कोण फोन करतंय ते बघता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी मला हाक. गॅसवाल्याचा, विम्याचा, यांच्या मित्राचा फोन आला की त्यांचा चेहरा पडे. एका सकाळी मी कणीक मळत असताना फोन वाजला आणि स्पीकरवर दिरांचा आवाज आला, रानातल्या वाऱ्यासकट.

"आई, उगवलं. समदं उगवलं. पाय ठेवाय जागा न्हाई इतकं दाट झालंय. विरळणी करावी लागंल. आज बाया लावू का उपटाय?"

विरळणीला एक दिवस उशीर केला म्हणून आत्याबाईंनी माझ्या दिरांना जन्मभर शिव्या घातल्या आहेत. जास्तीची रोपं उपटल्याशिवाय राहिलेलं ताट जोर धरत नाही, हे त्यांनीच त्यांना शिकवलं. फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. पलीकडून दिरांनी दोनदा विचारलं, "आई? ऐकू येऊन राह्यलं का?"

"आज नको," त्या म्हणाल्या. "एकबी उपटू नको. मी येऊन राह्यले. मला समदं बघू दे, मंग उपट."

आणि फोन चालूच ठेवून त्या चपला शोधायला लागल्या.